राजाभाऊ जगदाळे यांचं अंतिम बिल

राजाभाऊ जगदाळे यांनी छत्तीस वर्षं लोकांची वीज जोडली आणि तोडली. फलटणच्या बाजूला लाइनमन म्हणून लागले आणि लाइनमन म्हणूनच निवृत्त झाले. मधे बढतीचे दोन कागद आले होते, पण कागदाबरोबर टेबल-खुर्ची येत होती म्हणून त्यांनी ते परत पाठवले. खांबावरचा माणूस काय करतोय ते खालून सगळ्या गावाला दिसतं. टेबलामागचा काय करतोय ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही, असं त्यांचं मत होतं. ते त्यांनी साहेबांनाही सांगितलं होतं. तिसरा कागद आला नाही.

बायको गेल्यावर अडुसष्टाव्या वर्षी ते डब्लिनला लेकीकडे राहायला आले. लेक स्वरांगी ब्युमॉन्टच्या इस्पितळात डॉक्टर. जावई गौरव घरातच कॉम्प्युटरसमोर बसून नोकरी करायचा. हेही टेबलच, पण जावयाचं टेबल, म्हणून राजाभाऊ गप्प राहायचे.

पहिल्या पंधरवड्यात त्यांनी घरातले सगळे लुकलुकणारे दिवे, सैल सॉकेट आणि कुरकुरणारी दारं नीट केली. सोळाव्या दिवशी काम संपलं. भांडी मशीन घासत होतं, कपडे दुसरं मशीन धूत होतं, आणि राजाभाऊ दोन्ही मशीनकडे बघत होते. एक काम तेवढं त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं. दर महिन्याच्या एक तारखेला बाहेरच्या भिंतीतली मीटरची पेटी तिकोनी चावीने उघडायची, आकडा वहीत लिहायचा आणि पेटी बंद करायची. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि आकडा कुणी विचारतही नव्हतं. मीटर जुन्या पद्धतीचा होता. कंपनी बिलावर आपल्या मनाने अंदाजाचा आकडा छापायची, आणि तो खऱ्याच्या कायम पुढे असायचा.

बिल मात्र राजाभाऊंच्या नावाने यायचं. पहिल्याच वर्षी वाचनालयाने पत्त्याचा पुरावा मागितला, तेव्हा गौरवने विजेचं खातं त्यांच्या नावावर करून दिलं होतं. पैसे गौरवच्या बँकेतून जायचे, डायरेक्ट डेबिटने. म्हणजे बँकेला एकदा सांगून ठेवायचं, मग कंपनी दरमहा ठरलेली रक्कम परस्पर काढून घेते. उन्हाळा असो, हिवाळा असो, रक्कम तीच. कमीजास्त झालं तर खात्यावर साठत राहतं. राजाभाऊंना ही रीत पटली नव्हती. वसुलीचा माणूस दारात यायला नको, तर त्याने कष्ट कसले केले?

पैशाच्या बाबतीत त्यांची अडचण वेगळीच होती. त्यांची पेन्शन महिना अडीच हजार रुपये. डब्लिनमध्ये तेवढ्यात दोनदा केससुद्धा कापून होत नाहीत. लेकीच्या घरचं खाऊ नये, असा त्यांच्या आईचा दंडक. खाणं तर चार वर्षं चाललंच होतं. निदान मागायचं तरी नाही, एवढं त्यांनी धरून ठेवलं होतं. स्वरांगी न मागता द्यायची, पण इस्पितळाच्या पाळ्यांत तिला तारीख-वार कळत नसे, मग विसरायची. ती विसरली की राजाभाऊ बसऐवजी चालत जायचे. केस तीन-तीन महिने वाढायचे. 'बाबा, नवी स्टाइल का?' असं तिने एकदा विचारलं. ते हो म्हणाले.

मार्च महिन्यात गौरवने वीज कंपनी बदलायचं ठरवलं. इथे तारा त्याच, खांब तेच, मीटर तोच. फक्त बिल पाठवणारा बदलतो. बदलणाऱ्याला नवी कंपनी वर्षभर सवलत देते, न बदलणारा इमानदार माणूस पूर्ण भाव भरतो. राजाभाऊंना हे दोनदा समजावून सांगावं लागलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. जगात कुठेही इमानदारीचा भाव असाच असतो, म्हणाले. नव्या कंपनीची अट होती की सवलत हवी तर खातं आणि बँक एकाच्याच नावावर पाहिजे. म्हणजे खातं गौरवचं. बिलही कागदावर नाही, फोनवर येणार. वर्षाला पावणेचारशे युरो वाचत होते. त्यापुढे राजाभाऊंचं नाव किती किमतीचं? त्यांनी स्वतःच मनात हिशेब घातला आणि म्हणाले, 'बदला.'

पण कामाची म्हणून एक पद्धत असते. राजाभाऊंच्या धंद्यात तारेला हात लावण्याआधी दोन्ही बाजूंचा पुरवठा तोडायचा, अर्थिंग टाकायचं आणि मगच वर चढायचं. एकदा कुणाच्या तरी जनरेटरचा करंट मागून तारेत आला आणि त्यांच्या जोडीचा सहकारी खांबावरच राहिला. तेव्हापासून 'आधी तोडा' हा त्यांचा वेद होता.

'गौरवराव,' जेवताना ते म्हणाले, 'जुन्या कंपनीचा हात अजून तुमच्या बँकेत आहे. नवीचाही घालणार. दोन बाजूंनी चालू ठेवून काम करू नये.'

गौरवने सांगून पाहिलं की शेवटचं बिल होईपर्यंत जुनं असू द्यावं, बहुतेक लोक तसंच करतात. राजाभाऊंनी बहुतेक लोक कसे मरतात ते सांगायला सुरुवात केली. भात निवत होता. गौरवने एका हाताने घास घेतला, दुसऱ्या हाताने फोनवर बँक उघडली आणि डायरेक्ट डेबिट रद्द केलं. मग नव्या कंपनीचा अर्ज भरायला घेतला. त्यात मीटरचा आकडा विचारला होता. राजाभाऊंनी वही न उघडता सांगितला. चार वर्षांत पहिल्यांदा तो कुणीतरी मागितला होता.

दहा दिवसांनी जुन्या कंपनीचं पाकीट आलं. आपला या महिन्याचा हप्ता जमा झालेला नाही, खाते थकीत आहे, डायरेक्ट डेबिटची सूट काढून घेण्यात येत आहे, कृपया त्वरित भरणा करावा. वर नाव: श्री. राजाराम जगदाळे.

राजाभाऊंनी ते पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग बसले. थकबाकीच्या याद्या खिशात घालून ते फलटणच्या गल्ल्यांतून छत्तीस वर्षं फिरले होते. बायका दारात उभ्या राहून हात जोडायच्या आणि राजाभाऊ शिडी लावायचे. यादीत नाव आहे ना, मग माझ्याकडे बघू नका, असं सांगायचे. आता यादीत त्यांचंच नाव होतं, आणि यादी आणणाऱ्याने शिडीचेही कष्ट घेतले नव्हते.

गौरवने खातं उघडून पाहिलं तर त्यावर शंभराच्या आसपास युरो जमाच होते. त्या हिवाळ्यात सरकारने घरोघरच्या वीजखात्यात पैसे टाकले होते, त्यातले उरलेले. म्हणजे कंपनी यांचं देणं लागत होती आणि यांनाच थकबाकीदार म्हणत होती. गौरवने फोन लावला. पंचावन्न मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी आली. नाव ईफा. तिने गोड आवाजात सांगितलं की मी खातेदाराशीच बोलू शकते.

'मी पैसे भरतो,' गौरव म्हणाला.

भरत असाल, पण खातेदार नाही, असं तिचं म्हणणं पडलं. गौरवने फोन स्पीकरवर टाकून राजाभाऊंपुढे सरकवला. जन्मतारीख, पत्ता, सगळं राजाभाऊंनी आपल्या इंग्रजीत सांगितलं. ते इंग्रजी त्यांनी खांबांच्या सामानाच्या याद्यांवरून शिकलेलं, त्यामुळे त्यात क्रियापदं कमी होती. मग तिने काहीतरी लांब विचारलं.

'काय म्हणते?'

'तुमच्या वतीने मी बोललो तर चालेल का, विचारतेय. हो म्हणा, बाबा. पाच मिनिटांत संपवतो.'

राजाभाऊंनी फोनकडे पाहिलं. या देशात त्यांची परवानगी आजवर कुणी मागितली नव्हती.

'नाही म्हणावं,' ते म्हणाले. 'मीच बोलतो.'

आणि बोलले. गौरव कपाळाला हात लावून बसून राहिला. राजाभाऊंचा प्रश्न एकच होता: पैसे तुमच्याकडे माझे आहेत की माझ्याकडे तुमचे? ईफा म्हणाली, दोन्ही. हप्ता चुकला हे खरं, आणि शिल्लक आहे हेही खरं. ते दोन वेगळे रकाने आहेत, अंतिम बिलात एकत्र येतील. जास्तीचे पैसे एरवी डायरेक्ट डेबिटच्याच बँकेत परत गेले असते. पण ते तुम्ही बंद केलंत, तेव्हा खातेदाराच्या नावाने चेक येईल. बाकी सगळं ग्रँड.

'ग्रँड म्हणजे?' फोन ठेवल्यावर राजाभाऊंनी विचारलं.

'म्हणजे ठीक आहे.'

'पैसे अडकले तरी?'

'ते तर फारच ग्रँड,' गौरव म्हणाला आणि आपल्या टेबलाकडे गेला.

पाच आठवड्यांनी अंतिम बिल आलं. वर ठळक अक्षरात 'खाते बंद'. या वेळी अंदाजाचा आकडा नव्हता. राजाभाऊंनी सांगितलेला खरा होता. अंदाज खऱ्यापेक्षा पाचशे नव्वद युनिट पुढे धावत आला होता. ते सगळे मागे आले आणि शिल्लक झाली तीनशे एक्केचाळीस युरो अठरा सेंट. गौरवने ती रक्कम दोनदा वाचली.

'बाबा, तुमच्या वहीने कमाल केली. पण आता चेक तुमच्या नावाने येणार, आणि तुमचं इथे बँकेत खातंच नाही. सोपं सांगतो. ईफाला परत फोन करा, माझा खातेनंबर द्या. आठवड्यात पैसे येतील. आले की तुम्हालाच देतो, रोख.'

सोपं होतं. पैसे तसेही गौरवचेच होते. कुणीही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. राजाभाऊ बघतो म्हणाले आणि बिल घेऊन मागच्या अंगणात गेले.

कुंपणापलीकडे नोएल गवत कापत होता. नोएल बसच्या डेपोतला निवृत्त मेकॅनिक. दोघांना एकमेकांची निम्मी भाषा समजायची, उरलेली हातांनी व्हायची. राजाभाऊंनी बिल दाखवून विचारलं की इथे बँकेत खातं काढायला काय लागतं. नोएल म्हणाला, बँकेत जाऊ नकोस, तिथे तुला टॅब्लेटशी बोलायला लावतील. कोपऱ्यावर क्रेडिट युनियन आहे, लोकांनी लोकांसाठी काढलेली पतपेढी. तिथे काउंटर आहे आणि काउंटरमागे माणूस आहे. पासपोर्ट लागेल, सरकारी नंबर लागेल, गेल्या सहा महिन्यांतला पत्त्याचा पुरावा लागेल. आणि पहिल्यांदा भरायला दहा युरो.

नव्या कंपनीची बिलं गौरवच्या नावाने, तीही फोनवर. पुराव्याला राजाभाऊंकडे एकच कागद होता: यापुढे हे आमचे ग्राहक नाहीत, असं सांगणारा. आणि दहा युरो नव्हते.

त्या संध्याकाळी स्वरांगी पाळी संपवून आली, बूट काढून जिन्यावरच बसली. राजाभाऊ तिच्यासमोर उभे राहिले. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तोंडाने मागितलं.

'दहा युरो दे. परत देईन.'

कशाला, तिने विचारलं. त्यांनी सांगितलं. ती थकलेली होती; तिला आधी हसू आलं आणि मग राग. गौरव म्हणतो तसं करा ना, बाबा, एवढा खटाटोप कशाला, तुम्हाला कमी काय आहे इथे, वगैरे ती बोलली. आणि मग म्हणाली, 'लागतात तेव्हा मागा की. मी कधी नाही म्हटलंय?'

'तू नाही म्हणत नाहीस गं. मागणारा मी असतो.'

 त्यांच्या कानांवर आलेल्या केसांकडे तिचं लक्ष गेलं आणि तिथेच राहिलं. पर्समधून तिने पन्नासाची नोट काढली. राजाभाऊंनी ती घेतली नाही. दहा म्हणजे दहा. पर्समध्ये दहाची नव्हती, म्हणून ती वर जाऊन कोटाचे खिसे तपासून आली आणि नोट त्यांच्या हातावर ठेवली. 

क्रेडिट युनियनमध्ये राजाभाऊ पांढरा शर्ट घालून गेले. पहिल्या दिवशी पासपोर्टच्या मागच्या पानाची प्रत नाही म्हणून परत आले. दुसऱ्या दिवशी दुपारची सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी काउंटरमागच्या बाईने चष्मा लावून बिल हातात घेतलं. वरचे 'खाते बंद' हे शब्द तिने वाचले हे राजाभाऊंना दिसलं. ते सांगायला लागले की नवं बिल जावयाच्या नावावर आहे, पण राहतो मी तिथेच.

बाई म्हणाली, 'माझं काम तुम्ही राहता कुठे एवढंच बघायचं. वीज कुणाची घेता त्याच्याशी मला काय करायचंय?'

तिने नाव, पत्ता आणि तारखेवर खुणा केल्या. जो कागद त्यांना खात्यावरून काढून टाकत होता, त्याच कागदावर ते खातेदार झाले. व्यवसायाच्या रकान्यात बाईने 'निवृत्त' लिहायला घेतलं. राजाभाऊंनी तिला थांबवलं आणि 'लाइनमन, निवृत्त' असं लिहायला लावलं. जागा कमी होती. तिने बारीक अक्षरात बसवलं.

चेक तीन आठवड्यांनी आला. त्यांनी तो स्वतः नेऊन भरला, वटायचे दिवस मोजले, आणि वटल्याच्या दुसऱ्या दिवशी पैसे काढून आणून जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन बसले. टेबल एरवी त्यांना आवडत नसे, पण हे काम बसूनच करायचं होतं.

गौरव कॉफी करायला आला तेव्हा त्याच्यापुढे दोनशे एकवीस युरो आठ सेंट होते, नाण्यांसकट.

'हे काय, बाबा?'

'तुमचे. तुमच्या बँकेतून गेले होते.'

'मी म्हटलं होतं ना, सगळे तुम्हाला.'

'फुकटचे नकोत. मजुरी काढून घेतली आहे.'

मजुरीचा हिशेब वहीत होता. ईफाचा फोन, क्रेडिट युनियनच्या पाच फेऱ्या, पाकिटं वाचणं आणि लावणं मिळून साडेअकरा तास. दर तासाला अकरा युरो तीस सेंट, म्हणजे त्या वर्षी कायद्याने सगळ्यात कमी मजुराला द्यायचा तो. मीटर वाचण्याचे पैसे लावले नव्हते. ते काम कुणी सांगितलेलं नव्हतं. एकूण एकशे एकोणतीस युरो पंचाण्णव सेंट. त्यातून नऊ युरो पंच्याऐंशी सेंट वजा.

'हे वजा कसले?'

'डायरेक्ट डेबिट आधी तोडायला मी लावलं. तेवढी सूट गेली. चूक मजुराची, भुर्दंड मजुराला.'

गौरव वही वाचत उभा राहिला. फोनवर संगीत ऐकत बसण्याचाही तास धरलाय का, असं त्याने जरा खवचटपणे विचारलं. राजाभाऊ म्हणाले, खांबाखाली पुरवठा बंद केल्याच्या परमिटची वाट बघत उभं राहणं ही ड्युटीच असते. गौरवने मान हलवली. तो स्वतः आठवड्यातले कितीतरी तास मीटिंगमध्ये दुसऱ्यांची वाट बघायचे पैसे घेत होता, त्यामुळे या मुद्द्यावर त्याला फार ताणता येईना. पैसे त्याने उचलले. सही हवी होती, तीही केली.

'आता गॅसची कंपनीपण बदलायचीय,' तो जाता जाता म्हणाला. 'आणि इंटरनेट. मला वेळ नाही.'

'दर माहीत आहे तुम्हाला,' राजाभाऊ म्हणाले. 'आणि या वेळी शेवटचं बिल येईपर्यंत काही तोडायचं नाही.'

शनिवारी सकाळी राजाभाऊ केस कापून आले. दहा युरो त्यांनी स्वरांगीला परत केले. तिने मुकाट्याने घेतले, कारण न घेण्यात काय धोका आहे ते आता तिला कळलं होतं. मग दोघं सँट्रीच्या मोठ्या दुकानात सामानाला गेले. दारात ट्रॉल्यांची रांग साखळीने बांधलेली. नाणं घातल्याशिवाय ट्रॉली सुटत नाही, आणि सगळे व्यवहार कार्डावर करणाऱ्या डॉक्टरबाईंच्या पर्समध्ये नाणं नव्हतं. तिने कोटाचे खिसे पाहिले. मागे माणसं थांबली होती.

'बाबा,' ती हळूच म्हणाली, 'एक युरो आहे का?'

राजाभाऊंनी पाकीट काढलं. घाई केली नाही. न्हाव्याने परत दिलेल्या सुट्ट्या पैशांतून एक नाणं निवडून तिच्या तळहातावर ठेवलं.

'परत आण,' ते म्हणाले.

'ट्रॉली लावली की आपोआप मिळतो हो तो.'

'म्हणूनच सांगतोय. लोक ट्रॉली तिथेच सोडून जातात.'